ओटी ते माळा

३ मे
धाकटी दोन महिने घरूनच काम करणार म्हणून पुण्याहून आली आहे. राऊटर ओटीवर, तिचं टेबल माळ्यावर, आणि मध्ये जांभ्या चिऱ्याच्या फूट-फूट जाड दोन भिंती. माजघरात पाऊल टाकलं की वायफायचा जीव जातो. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की बिचारी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसते. बघवत नाही. केबल टाकायचीच.

४ मे
सुतळी धरून माप घेतलं, २२ मीटर. ढील धरून ३० पुरे. कॅट-फाइव्ह-ई वरूनही एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत नीट जातं, पण पाइपातली केबल पुन्हापुन्हा कोण बदलणार? कॅट-सिक्सच घेतो. सिक्स-ए जाड आणि ताठ, वळणावर अडून बसेल.

५ मे
तालुक्याच्या बाजारात दुकानदाराने दोन बंडलं पुढे केली. दोन्हींवर कॅट-सिक्सच छापलेलं, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्यालाही नाही. उचलून पाहिलं तर हलकं. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस रंग निघून आत पांढरी! अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. चार वेळा वाकवली आणि तुटली. अशा तारेचा रोध जास्त. पुढे कधी याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची म्हटली तर ती तापणार. आणि असला माल लोक विश्वासाने घेऊन भिंतीत पुरतात! फार वाईट वाटलं. निव्वळ तांब्याची घेऊन आलो.

८ मे
वायरमन म्हणाला, ‘‘काका, लाइटच्या पाइपात जागा आहे, त्यातूनच ओढू.’’ मी ठाम नाही म्हटलं. २३० व्होल्टच्या शेजारी ही नाजूक तार नको. एखाद्या वायरचं आवरण उंदराने कुरतडलं तर करंट थेट पोरीच्या लॅपटॉपपर्यंत. तुळईच्या कडेने वेगळा पीव्हीसी पाइप नेला, लाइटच्या पाइपापासून हातभर लांब. एका ठिकाणी तो ओलांडावाच लागला, तिथे काटकोनात. चिऱ्यात भोक पाडताना लाल भुगा जेवणाच्या ताटापर्यंत आला. हिने एका शब्दाने तक्रार केली नाही.

धाकटी वरून सुतळी ओढत होती, वायरमन खालून केबल सोडत होता, मी मध्ये जिन्यावर. ‘‘सावकाश, हिसका नको!’’ एवढंच माझं काम. केबलसोबत दुसरी सुतळीही पाइपात ओढून ठेवली. उद्या आणखी एक केबल न्यायची झाली तर तीच कामी येईल.

९ मे
दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिम्प केलं, जोडलं. नेट चालू झालं, पण वेग १०० वरच अडला. धाकटी म्हणाली, ‘‘बाबा, चालतंय की.’’ मला चैन पडेना. शंभरला केशरी आणि हिरवी, या दोनच जोड्या लागतात; गिगाबिटला चारही. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीत खोट. चष्मा लावून पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला. तपकिरी तार दोन मिलिमीटर आखूड, पत्र्याच्या दातापर्यंत पोचलेलीच नाही. टोक कापून टाकलं. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त न उलगडता आठही तारा एका रेषेत कापल्या, पुन्हा क्रिम्प केलं. १०००!

११ मे
सोमवार. सकाळपासून माळ्यावरून तिचा बोलण्याचा आवाज येतो आहे, सलग. जिन्यावर कुणी नाही.