विजेची शिदोरी

विद्यार्थ्याच्या हातीं कोणतें साधन द्यावें हा प्रश्न एके काळीं पाटी-पेन्सिलीवर मिटत असे; आतां तो लॅपटॉपपाशीं येऊन थांबला आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत यंदा तो उभा राहिला, तेव्हां निमित्त यंत्राचें असलें तरी मुद्दा न्यायाचा होता. नातवाच्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासहि टिकेना. म्हणून त्याला नवा घ्यावा आणि तो जुना, यंदा कॉलेजांत जाणाऱ्या नातीला द्यावा, असें घरांतील कर्त्या मंडळींचें मत पडलें. "ती घरींच तर बसणार, प्लगला लावून वापरील," हा त्यामागील तर्क!

आम्हांला तो पटला नाहीं. भिंतीला बांधलेलें यंत्र विद्यार्थ्यालाहि भिंतीला बांधतें. आमचा प्लग माजघरांत. तेथें टीव्ही, तेथेंच पाहुणे, आणि समोर दिसणाऱ्या मुलीला दर घटकेला चहाची हांक. नात एवढेंच म्हणाली, "आजोबा, मोठें यंत्र नको, गच्चीवर नेतां येईल असें द्या." वाचकहो, बॅटरी म्हणजे विजेची शिदोरी, ती ज्याच्या पदरीं, त्यालाच वाट मोकळी.

मग पारख कशी करावी? जाहिरातींतील तासांवर भुलूं नये. पडदा मंद ठेवून, नुसती चित्रफीत चालवून ते बहुधा मोजलेले असतात. येथें स्थालीपुलाकन्याय लागू पडत नाहीं. एका शितावरून सारा भात कळत नाहीं. बॅटरीची धारणाशक्ति 'वॅट-अवर' या मापांत विचारावी आणि यंत्र सरासरी जितके वॅट खातें त्यानें तिला भागावें. ६० वॅट-अवरची बॅटरी १० वॅट खाणाऱ्या यंत्राला ६ तास पुरते, २० वॅट खाणाऱ्याला ३ च. सारांश, नुसती थैली मोठी असून भागत नाहीं, धनी मितव्ययीहि हवा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड खेळांना व आरेखनाला उपयोगी; निबंध आणि हिशेब लिहिणाऱ्याला तें ओझेंच. ॲपलचे २०२० पासूनचे आणि क्वालकॉमचे २०२४ मध्यें आलेले 'आर्म' पद्धतीचे प्रोसेसर थोड्या विजेंत पुष्कळ काम करितात. मात्र कॉलेजाला लागणारा प्रत्येक प्रोग्राम त्यांवर चालतो ना, हें आधीं विचारून घ्यावें.

घेतल्यावर निगा राखणेंहि आलेंच. १९९१ सालीं प्रथम बाजारांत आलेली लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनें आणि सदैव काठोकाठ भरून ठेवल्यानें लौकर जीर्ण होते. म्हणून लॅपटॉप गादीवर ठेवून चालवूं नये, आणि ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय असल्यास तीच पत्करावी. मिताहार यंत्रालाहि मानवतो.

हें सारें आम्हीं कर्त्या मंडळींपुढें मांडलें आणि एकच प्रश्न विचारला: नातवाची तक्रार यंत्राची कीं बॅटरीची? बॅटरीचीच, हें त्यानें स्वतःच सांगितलें. तेव्हां त्याच्या जुन्या यंत्रांत नवी बॅटरी बसविली. त्याचें शिक्षणाचें एकच वर्ष उरलें आहे, त्याला ती पुरेल. नवें यंत्र जिच्यापुढें पुरीं चार वर्षें आहेत तिला मिळालें. दोन नव्या यंत्रांहून खर्च पुष्कळ कमी झाला, आणि घरांत कोणाच्याहि वाट्याला उष्टें आलें नाहीं. साधनांची वांटणी करितांना गरज पाहावी, मुलगा-मुलगी पाहूं नये, एवढेंच आमचें सांगणें.