पन्नाशीनंतरची टच रग्बी

पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही काही शिक्षकांनी टच रग्बी शिकावयास घेतली. विद्यार्थीच आमचे गुरू. बीडच्या मुरमाड जमिनीवर गुडघे कुरकुरतात, पण या खेळात कोणी कोणास पाडत नाही. प्रतिस्पर्ध्याचा हात नुसता लागला की थांबून चेंडू तिथेच जमिनीवर ठेवावयाचा. सहाव्या स्पर्शानंतर तो प्रतिपक्षाकडे जातो. इतिहास शिकविणाऱ्यास येथे पालवणकर बाळू आठवतातच. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज! त्याआधी पुण्यात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाती घेत. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

आमच्या मैदानावर "टच!" अशी आरोळी उठते. शिपाईमामांचा हात मुख्याध्यापकांच्या खांद्याला लागलेला असतो, आणि मुख्याध्यापक चेंडू खाली ठेवतात.