उद्यासाठी राखलेला हात

साकोलीकडच्या आमच्या गावात बेसबॉल कुणी खेळत नाही, तरी तेरा पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, जबाबदारी माझ्यावर आहे. ते सारे एका ऑनलाइन लीगमधले, संगणकाच्या हिशेबात जगणारे. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या खेळात आपण चेंडूही टाकत नाही, बॅटही फिरवत नाही. आपल्याकडे असतं ते फक्त व्यवस्थापकपण. कुणी चेंडू टाकायचे, किती टाकायचे, तो दमला की कुणाला पाठवायचं, हे आधी ठरवून कळवायचं. मग ठरलेल्या वेळी लीग चालवणारा सगळ्यांच्या सूचना घेऊन पुढचे काही दिवस खेळवतो. त्या वेळी मी झोपेत असतो, नाहीतर धानाच्या बांधीत रोवणीच्या मागे. सामना माझ्या पाठीमागे होतो. तिथे माझ्या वतीने फक्त मी दिलेला शब्द हजर असतो.

या खेळावर माझा जीव जडला तो याच गोष्टीमुळे.

अमेरिकेतल्या मुख्य लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा. सहा महिने जवळजवळ रोज सामना. सुरुवात करणारा पिचर शंभरेक चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो, म्हणून असे पाच लागतात. त्यांच्या मागे बुलपेन, म्हणजे बदली पिचरांचा ताफा. कुणी मधल्या दोन-तीन इनिंग सांभाळणारा, कुणी आठवी, आणि थोडक्या आघाडीवर शेवटची नववी राखणारा क्लोजर. यातला सर्वांत कठोर नियम असा, की एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटमध्ये तसं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवर रणजीच्या उपांत्य फेरीत विदर्भाने कर्नाटकला पाच धावांनी हरवलं. रजनीश गुरबानीने त्या दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. त्याला दम खाऊ देऊन पुन्हा चेंडू हाती देण्याची मुभा कर्णधार फैज फजलकडे होती. बेसबॉलच्या व्यवस्थापकाला ती नाही. तो पिचरच्या उंचवट्यावर चालत जाऊन चेंडू मागतो, तेव्हा त्या दिवसापुरता तो निरोपच असतो.

आणि हा निरोप वेळेवर द्यावा लागतो, कारण हात माणसाचा आहे. खांद्यावरून वेगाने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर विलक्षण ताण येतो. १९७४ मध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचा तो अस्थिबंध फाटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. असं तोवर कुणी केलं नव्हतं. तो १९७६ मध्ये मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. माझ्या पडद्यावरच्या पिचरांनाही खेळ हीच दुखापत देतो. बावीस वर्षांच्या पोराच्या नावापुढे लाल खूण दिसते, खाली महिने लिहिलेले असतात, आणि तो खरा नाही हे ठाऊक असूनही पोटात कालवतं.

राखण्याचं हे शहाणपण मला परकं वाटलं नाही. आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर, म्हणजे आपल्या मालगुजारी तलावांवर, इथलं धान पोसलं. आजोबा पाळीवर उभे राहून पाणी बघायचे. सप्टेंबरात एखादा आठवडा कोरडा गेला की लोक तलावाचं दार उघडा म्हणून मागे लागत. हलकं धान तोवर पिकायला आलेलं असे. भारी धान अजून निसवायचं असे. आजोबा एवढंच म्हणत, “भारी धानाले शेवटचं पाणी लागते, ते ठेवा लागते.” पाऊस परतून गेल्यावर, ऑक्टोबरात, दाणा भरताना, ते राखलेलं पाणी बांधीत उतरायचं. पिचरचा दम हाही असाच भरलेला तलाव. मे महिन्यातच दार सताड उघडलं, तर सप्टेंबरच्या निर्णायक सामन्यांत उरणार काय?

पण केवळ आकड्यांवर राखणंही पुरेसं नाही. २७ ऑक्टोबर २०२० रोजी वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात टँपा बे रेजचा ब्लेक स्नेल अप्रतिम चेंडू टाकत होता. एका धावेची आघाडी, फक्त दोन फटके, नऊ फलंदाज स्ट्राइक आउट, चेंडू अवघे ७३. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की पिचरचा प्रभाव घटतो, या आकडेशास्त्राला धरून व्यवस्थापक केव्हिन कॅशने त्याला सहाव्या इनिंगमध्ये काढलं. आघाडी लगेच गेली, डॉजर्सनी सामना ३-१ असा जिंकला आणि अजिंक्यपदही नेलं. हिशेब सरासरीने खरा होता. त्या संध्याकाळच्या त्या हाताला तो लागू होताच, असं मला वाटत नाही. आजोबाही तलावातलं पाणी मोजत, पण दार उघडण्याआधी बांधीत उतरून लोंबी हातात घेऊन बघत.

मला मात्र सामना चालू असताना बांधीत उतरता येत नाही. म्हणून माझं सगळं बघणं आधी होतं. दमाचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून चेंडूंची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी ठेवतो. कोवळ्या पोराला ऐंशीच्या पुढे जाऊ देत नाही. मुरलेल्या पिचरला थोडी सैल दोरी देतो, कारण अडचणीतून बाहेर पडण्याचा हक्क त्याने कमावलेला असतो. काल चेंडू टाकलेल्या क्लोजरला, आघाडी कितीही नाजूक असली तरी, सहसा बसवून ठेवतो. यात काही सामने हातचे जातात. ते मी मनापासून पत्करतो.

कारण दुसऱ्याच्या बळावर आपला कारभार चालतो, तेव्हा ते बळ किती वापरावं याचा निर्णय आपण त्याच्यावर ढकलू नये. पिचर कधी स्वतःहून चेंडू परत देत नाही. तो अजून एक फलंदाज मागतो, आणि मागावाच. थांबवण्याचा वाईटपणा व्यवस्थापकाने घ्यायचा असतो, शक्यतो दमण्याच्या आधी. खेळ पडद्यावरचा असला तरी हे व्रत मला खरं वाटतं. घरात, शेतात, शाळेत, जिथे जिथे कुणाचं बळ आपल्या शब्दावर खर्च होतं, तिथे ते पाळण्यासारखं आहे.