राणीच्या सल्ल्याचा कोट

मैत्रिणींनो, चंद्रपूरला आलात तर जटपुरा दरवाजापाशी जरा मान वर करा. हत्तीला नमवणारा सिंह, ही गोंडराजांची खूण दिसेल. खांडक्या बल्लाळशहाची गादी आधी बल्लारपूरला, वर्धेकाठच्या किल्ल्यात. सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला राजाने पाहिला आणि राणीने तिथेच कोट बांधायला सुचवले, अशी दंतकथा. तो पुरा व्हायला मात्र पिढ्या लागल्या. चार दरवाजे, पाच खिडक्या! पुढे राणी हिराईने पती बीरशहाची समाधी उभारली, अंचलेश्वराजवळ. ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, इथे नेमके उलटे. १७५१ साली राज्य भोसल्यांकडे गेले. आता कोटाला टेकून घरे आहेत, बुरुजांत पिंपळ रुजतात. माझ्या वर्गातल्या मुलींना ताजमहाल तोंडपाठ, पण गावातली ही समाधी कित्येकींनी पाहिलेली नाही. दिवाळीनंतर त्यांना पायीच नेणार आहे.