जुनी तार

घनसावंगीच्या आसमंतांत बांधावरच्या बाभळीला कुंपणाची तार ताणून बांधलेली पुष्कळ ठिकाणीं दिसते. कांहीं वर्षांनीं पाहावें, तों सालीनें ती गिळून टाकलेली असते. कुंपण मोडावयाचें झालें तर जाणता शेतकरी ती उपटीत नाहीं. पकडीनें दोहों बाजूंनीं तोडतो व मधला तुकडा झाडाच्या हवालीं करतो. मुलांच्या हृदयांतील पेसमेकरच्या तारेविषयीं विचार करतांना आम्हांस हाच दाखला आठवतो.

पंधरा-वीस हजारांत एखादें मूल असें जन्मास येतें, कीं त्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विजेची लहर खालीं पोंचतच नाहीं. कित्येकदां पडद्याचें भोंक बुजवितांना ही वाट दुखावते. मग आठ-दहा दिवस वाट पाहून यंत्र बसवावें लागतें. १९५८ सालीं ८ ऑक्टोबरला स्टॉकहोम येथें ओके सेनिंग यांनीं रुने एल्मक्विस्ट यांचें यंत्र आर्ने लार्सन या गृहस्थांच्या शरीरांत प्रथम बसविलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें. पण लार्सन २००१ पर्यंत जगले, आणि तेवढ्या काळांत त्यांस सव्वीस यंत्रें लागलीं! आजचीं यंत्रें अधिक टिकतात हें खरें; तरी ज्याला तें दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच बसलें, त्याच्यापुढें केवढें आयुष्य पडलेलें असतें!

यंत्र बदलणें त्यामानानें सोपें. कातडीखालचा खिसा उघडला, कीं काम होतें. तारेचें तसें नाहीं. गळ्याच्या हाडाखालच्या शिरेंतून ती हृदयांत उतरते, आणि शरीर तिच्याभोंवतीं व्रणाची गवसणी विणूं लागतें. ही गवसणी मुलांत विशेष दाट होते. कधीं तींत चुनाही सांचतो. शिवाय मूल वाढतें, तार वाढत नाहीं. म्हणून वैद्य आंत एक वळसा मोकळा सोडतात, तर कधीं तोही चिकटून बसतो. अगदीं तान्ह्या मुलांस तार हृदयाच्या पृष्ठभागावरच टांकतात; पण तेथेंही क्वचित् वाढत्या हृदयाला तिचा फांस बसल्याचे दाखले आहेत.

आमच्या परिचयाच्या एका घरीं नऊ वर्षांच्या मुलीची तार आंत तुटली. नवी घालणें भागच होतें; प्रश्न जुनीचा. वडील म्हणाले, "मोडलेला कांटा पायांत कोण ठेवतं?" आई म्हणाली, "काढतांना पोरीचं कांहीं झालं तर?"

आमच्या मतें दोघेंही बरोबर होतीं. तार काढतांना तिच्यावरून एक नळी सरकवीत नेतात व लेसरच्या किरणांनीं किंवा फिरत्या पात्यानें गवसणी सोडवितात. अनुभवी हातांत बहुतेक तारा सुखरूप निघतात. पण त्या ओढींत हृदयाकडे जाणारी महाशीर फाटली, तर छाती उघडून ती शिवण्यास मिनिटेंच हातीं असतात. झडपेचा पदर तारेला चिकटलेला असल्यास तोही जायबंदी होतो. म्हणून हृदयाचा शस्त्रवैद्य शेजारीं सज्ज असल्यावांचून हें काम करूं नये.

उलट, जुनी आंतच ठेविली तर शीर अरुंद होते, पुढें एम्.आर्.आय्. तपासणींत अडचण येते, आणि विसाव्या वर्षीं तीच काढण्याची वेळ आली तर ती आजच्याहून घट्ट रुतलेली असते. जंतुसंसर्ग झाला तर मात्र निवड उरत नाहीं. सारें काढावेंच लागतें. बाभळीला निदान ही भीति नाहीं.

"डॉक्टर सांगतील तसें" असें म्हणून मोकळे होणारे नातेवाईक त्या घरीं पुष्कळ जमले होते. त्यांचा आम्हांस थोडा रागच आला. तार किती वर्षांची, आपण अशा किती मुलांच्या काढल्या, छाती उघडणारा त्या खोलींत असेल कीं घरीं, हें विचारण्यांत वैद्याचा अपमान कसला? वडिलांनीं हे प्रश्न वहींत लिहून नेले आणि मुंबईच्या डॉक्टरांनीं त्यांचीं उत्तरें शांतपणें दिलीं. तार सहा वर्षांची होती. काढावयाची ठरलें, कापसाची वेचणी आटोपल्यावर.

मुलीनें एवढेंच विचारलें, कीं काढलेली तार घरीं आणूं देतात का?