मंगल

विंडोज 2000 बरोबर मंगल हा देवनागरी फाँट संगणकात आला आणि आपण कोण, कुठला हे न सांगता कामाला लागला. दिसायला साधा, वळणं मोकळी, नखरा शून्य. सरकारी परिपत्रक, पतसंस्थेची नोटीस, कुणाच्या प्रबंधाची प्रस्तावना, मेलवर आलेली लग्नपत्रिका, कुठेही पाठवा, जातो. त्याची एक खोड मात्र सर्वांना ठाऊक आहे: त्याला जागा फार लागते. वर्डमध्ये इंग्रजी मजकुरात त्याला बसवला की ओळी फाकतात, पानं वाढतात आणि माणसं वैतागतात. मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, एवढा संसार सांभाळणाऱ्याला ऐसपैस उभं राहावंच लागतं.

त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. तुम्ही आधी ‘क’ टाइप करता, मग पहिली वेलांटी. विंडोज आणि मंगल मिळून ती वेलांटी उचलतात आणि ‘क’च्या अलीकडे नेऊन ठेवतात. ‘धर्म’ लिहिताना पाय मोडलेला ‘र’ उडी मारून ‘म’च्या डोक्यावर बसतो. ‘दर्या’तला ‘र’ असाच वर चढतो, पण ‘दऱ्या’तला आडवा होऊन ‘य’ला बिलगतो. शाळकरी पोराला हे सरावाने येतं. यंत्राला ते एकेका जोडाक्षरागणिक शिकवावं लागतं.

हे शिकवणं निव्वळ प्रोग्रॅमरचं काम नव्हे. मंगल घडवला र. कृ. जोशी यांनी. जाहिरातीच्या व्यवसायात मुरलेले, सुलेखनकार, मराठीतले कवी, पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलेले. असा माणूस जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत संगणकवाल्यांबरोबर कामाला बसला, म्हणून हे झालं. तेलुगूची गौतमी, कन्नडची तुंगा, गुजरातीची श्रुती, पंजाबीची रावी या मंगलच्या बहिणीही जोशींच्याच हाताखाली वाढल्या.

मंगलच्या आधी मराठी टंकन नव्हतं असं नाही. पुण्यात सी-डॅकचं जिस्ट होतं, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी होती, आणि कितीतरी छापखाने त्यांच्यावर चालले. पण तेव्हाच्या बहुतेक फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसलेली असत. तोच फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चुरा. मंगल युनिकोडवर चालणारा, आणि विंडोजमध्येच असलेला. त्यामुळे गडचिरोलीत लिहिलेलं ठाण्यात जसंच्या तसं वाचता येऊ लागलं. मुंबई-पुण्याच्या संगणक उद्योगाबद्दल बोलताना हिंजवडी आणि ऐरोलीच्या इमारती मोजल्या जातात. मी या उद्योगाच्या कमाईत मंगल फार वर धरतो, कारण तो रोज लाखोंच्या हाताखाली आहे.

अक्षरांच्या माणसाशिवाय तो घडला नसता, आणि म्हणूनच या उद्योगातली आजची भरती पाहून मला काळजी वाटते. मराठी बोलणं ऐकून लिहून घेणारी, मराठीत भाषांतर करणारी यंत्रं आता घडताहेत. त्यांना अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी ऐकत वाढलेली माणसं हवीत, मुद्रितशोधक हवेत, कोशाचं काम केलेले हवेत. कॅम्पसवरच्या मुलाखतीत भाषाशास्त्र शिकलेल्या मुलीला मात्र क्वचितच खुर्ची मिळते. अक्षररचनेचं शिक्षण घेतलेल्यांनी मुंबईत एक टाइपसारखी संस्था उभी केली, मुक्त आणि बलूसारखे फाँट दिले. ही वाट रुळलेली आहे, मोठ्या कंपन्यांनी तिच्यावरून चालायला हवं.

मंगलमध्ये मराठी वाचकाला खटकणारी एक गोष्ट राहिलीच: त्याचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असं महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये ठरवून दिलं. आता एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणं ठेवता येतात. मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद असली की मराठी ‘ल’ आपोआप पुढे येतो. ती नोंद ॲप बनवणाऱ्यांनी करायची असते, आणि त्यासाठी त्या चमूत एकाला तरी दोन ‘ल’मधला फरक डोळ्यांना बोचला पाहिजे.