नदीकाठचं मैदान

कल्याण सुटलं की कर्जतच्या गाडीत दाराशी उभं राहायला जागा मिळते, आणि दाराशी उभं राहिलं की मैदानं दिसायला लागतात. थंडीतली रविवारची सकाळ असेल तर विठ्ठलवाडीपासून वांगणीपर्यंत कुठे ना कुठे पांढऱ्या फक्कीचा गोल, बांबूला बांधलेला भोंगा, कापडी मंडप आणि धावत येणारा एखादा बोलर हमखास दिसतो. तो धावत येतो, हात फिरवतो आणि नेमकी तेव्हाच मध्ये एखादी इमारत येते. त्या चेंडूचं पुढे काय झालं ते कळतच नाही. मला ते कळून घ्यायचं असतं, म्हणून मी पुढच्या स्टेशनला उतरतो.

अशी उतरून पाहिलेली मैदानं आता मनात एकमेकांशेजारी जाऊन बसली आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांतली टेनिस क्रिकेटची ही मैदानं. वानखेडेवर मी सामने पाहिले आहेत आणि तिथली हिरवळ खरोखर सुंदर आहे. पण चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज मला तिथे कधी ऐकू आला नाही. इथे दोरीपाशी उकिडवं बसलं की आवाज येतो, बोलरचा श्वास ऐकू येतो, आणि कॅप्टन मिडविकेटला का ओरडला तेही समजतं. क्रिकेट इतक्या जवळून बघायला मिळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगखाली धाकट्या संघांची उतरंड आहे. 2021 सालच्या फेररचनेनंतर तिथे असे 120 संघ उरले. लहान लहान शहरांत त्यांची टुमदार स्टेडियम आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं गाडी काढून एकेक स्टेडियम पाहत जातात आणि शेवटी आपलं आवडतं कोणतं ते ठरवतात. हे वाचलं तेव्हा या लोकांशी माझं काही नातं आहे असं वाटलं. मलाही ठरवायचं होतं. फरक इतकाच की त्यांच्या स्टेडियमला भिंत असते, तिकीट असतं आणि पुढच्या वर्षी ते त्याच जागी सापडतं.

सुरुवात उल्हासनगरपासून करायला हवी. दुसऱ्या महायुद्धात हा लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्या बराकींत राहिली आणि 1949 साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना कॅम्पचाच नंबर सांगतात, एक नंबर, चार नंबर. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचं हे शहर. 2011 च्या जनगणनेत इथे पाच लाखांवर माणसं मोजली गेली. एवढ्या दाटीत मोकळी राहिलेली प्रत्येक जागा पोरांनी वाटून घेतलेली असते. गोल मैदान असो की चार नंबरचं व्हीटीसी मैदान, सकाळी सातला जाऊन पाहावं. एका सामन्याचा मिडऑफ दुसऱ्या सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असतो, दोन्हीकडचे चेंडू सारख्याच रंगाचे असतात आणि तरी कुणाचा चेंडू कुणाला सापडला नाही असं होत नाही. ओरडणं सिंधीत, शिव्या हिंदीत, स्कोअर मराठीत. बाहेर दाल-पकवानची गाडी लागलेली. हरलेली टीम तिथेच उभ्या उभ्या खाते आणि आपण कुठे चुकलो ते पुन्हा पुन्हा सांगते. उल्हासनगरच्या पोरांची फिल्डिंग मला या पट्ट्यात सगळ्यात चलाख वाटते. गर्दीत वाढलेल्या मुलाला चेंडू कुठून येईल याची झोपेतही जाण असते.

अंबरनाथला लोक 1060 सालच्या शिवमंदिरासाठी उतरतात आणि पूर्वेला जातात. मी पश्चिमेला, ऑर्डनन्सच्या वसाहतीकडे वळतो. तिकडचे रस्ते सरळ, झाडं जुनी, सावल्या लांब. सीझन बॉलचा खेळ तिथे शोभतो. शांतपणे पाहत बसावं अशी ती बाजू आहे, पण आवडतं मैदान म्हणून मन तिथे थांबलं नाही. पूर्वेचं गावदेवी मैदान त्याच्या अगदी उलट. चहूबाजूंनी घरं आणि दुकानं, त्यामुळे प्रत्येक चौकाराला खिडक्यांतून दाद मिळते.

या पट्ट्यातल्या पोरांची मोठी मैदानं गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. तुषार देशपांडे कल्याणचा. लहानपणी तो शिवाजी पार्क जिमखान्यावर निवडीसाठी गेला, तेव्हा बॅट्समनची रांग फार लांब होती म्हणून बोलरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ज्याला परतीची गाडी पकडायची असते त्याला रांगेची लांबी बरोबर कळते, असं मला ही गोष्ट आठवली की नेहमी वाटतं. त्याच तुषारने 2024 च्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन 123 धावा केल्या आणि दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनने नाबाद 120. दहा आणि अकरा नंबरच्या दोघांनीही शतक करावं असं त्याआधी एकदाच घडलं होतं, 1946 साली ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या डब्यात अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत होती.

आता बदलापूर. इथे सूर्य पूर्वेला मावळतो. कल्याणहून कर्जतकडे जाणारी रेल्वे आग्नेयेला वळलेली आहे, पण फलाटांची पूर्व आणि पश्चिम ही नावं मुंबईकडून तशीच चालत आली. म्हणून मलंगगड, तावली, चंदेरीचे डोंगर स्टेशनच्या ‘पूर्वेला’ येतात आणि संध्याकाळ त्यांच्यामागे होते. उल्हास नदी मात्र ‘पश्चिमेला’. राजमाचीच्या दरीतून निघालेली ही नदी बदलापूरपाशी येईपर्यंत संथ झालेली असते आणि दोन्ही काठांना तिने पिढ्यान्‌पिढ्या गाळ आणून टाकलेला आहे. त्या गाळावर भातखाचरं आहेत. माझं मैदान त्या खाचरांत आहे.

ते वर्षभर नसतं. नोव्हेंबरात कापणी होते, झोडणी होते, पेंढा उचलला जातो आणि मग गावातली पोरं फावडी घेऊन उतरतात. चारपाच खाचरं एकत्र करायची म्हणजे मधले बांध फोडावे लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक मालकाचा होकार लागतो. हा होकार मिळवणं हेच स्पर्धेतलं पहिलं आणि सगळ्यात अवघड काम. भावाभावांत कोर्टात दावा चालू असतो, पण क्रिकेटसाठी दोघंही बांध फोडू देतात. हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला अजूनही आनंद वाटतो. मग धसकटं उपटायची. मधली पट्टी खणून लाल माती टाकायची, नदीवरून पंपाने पाणी आणून ती भिजवायची, वाळली की रोलर फिरवायचा, भेगा पडल्या की परत भिजवायची. आठ-दहा संध्याकाळी हे चालतं. पट्टी तयार झाली की एक म्हातारे गृहस्थ अनवाणी तिच्यावरून चालत जातात, मध्येच थांबून टाचेने दाबून पाहतात आणि बोट दाखवतात. पोरं निमूटपणे तिथे पुन्हा पाणी मारतात. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो.

खेळपट्टी उत्तर-दक्षिण असावी हा क्रिकेटचा जुना संकेत. सूर्य कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो आला. पण इथे पट्टी बांधांच्या दिशेने पडते, तिरकी. दुपारी चारनंतर नदीच्या टोकाला उभ्या राहिलेल्या बॅट्समनला समोरून, डोंगराच्या अंगावरून उतरणारं ऊन लागतं. टॉस जिंकलेला कॅप्टन आधी घड्याळ बघतो. सहा षटकांचा सामना, त्यातली कोणती तीन षटकं उन्हात जातील याचा हिशेब तो बोटांवर करतो. हाताने केलेल्या मैदानाला असा स्वभाव येतो. तो ओळखून खेळणारा संघ जिंकतो आणि बाहेरून आलेली नावाजलेली टीम चकते. दोन सारखी मैदानं नसण्यातलं हे सुख मोठ्या स्टेडियमांनी हळूहळू घालवलं, असं मला मनापासून वाटतं.

टेनिसचा चेंडू हलका. त्याला शिवण नाही, त्यामुळे स्विंगवर भिस्त ठेवता येत नाही. बोलर मनगटाने कापून टाकतो, चेंडू पट्टीवर पडून थबकतो आणि मग येतो. बॅट्समन पुढचा पाय बाजूला काढून उभा असतो आणि खालच्या हाताने उचलून मारतो. पुस्तकात हे बसत नाही. पण थबकलेल्या चेंडूची वाट पाहण्यासाठी जो संयम लागतो तो पाहिला की पुस्तकाची आठवण होत नाही. कुणाचा कोपर जरा जास्त वाकला की मंडपातून ‘फेकी, फेकी’ असा गलका होतो, आणि स्क्वेअर लेगचा अंपायर त्या वेळी गावाची भीड धरत नाही. जमिनीवरून गेलेला चेंडू उरलेल्या धसकटाला लागून दिशा बदलतो. नदीत गेला तर सहा, आणि ओला चेंडू बाजूला ठेवून दुसरा काढायचा. काठावर दोन पोरं लुंग्या खोचून त्याच कामासाठी उभी असतात. दुसऱ्या कुठल्याही जागेसाठी ती आपली जागा सोडणार नाहीत.

आणि समालोचक. मंडपातल्या टेबलाशी स्कोअररच्या शेजारी तो सकाळी नऊला बसतो आणि दिवे लागले तरी उठत नाही. एका श्वासात तो चेंडूचं वर्णन करतो, पुढच्या श्वासात अमुक दादांकडून या षटकारासाठी पाचशे एक रुपये जाहीर करतो आणि मध्येच हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंग सांगतो. खेळाडूंची नावं त्याला गावासकट पाठ असतात. हा कात्रपचा, हा एरंजाडचा, हा मूळचा जांभूळचा पण आता सासुरवाडीकडून खेळतो. अशी ओळख करून दिलेला मुलगा क्रीजवर येताना जरा ताठ चालतो. 2024 साली ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, टेनिस चेंडूची, दहा षटकांची, लिलाव आणि टीव्हीसकट. या खेळाला अखेर पैसा आणि मान मिळाला याचं मला समाधान आहे. असल्याच खाचरांत शिकलेल्या पोरांना तिथे चांगले पैसे मिळावेत. मी मात्र ते सामने टीव्हीवर पाहताना या माणसाचा आवाज शोधत राहतो.

हे मैदान किती वर्षं राहील हा प्रश्न मनात येतोच. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 साली लाखाच्या आत होती, 2011 साली पावणेदोन लाखांच्या जवळ गेली, आणि त्यानंतर उभे राहिलेले टॉवर गाडीतून दिसतातच. गाडीतून मी पाहत असे त्यांतली कितीतरी मैदानं आता पार्किंगखाली आहेत. मुलं टर्फवर तासाच्या भाड्याने खेळतात. तेही खेळणंच आहे आणि मला त्याचा राग नाही, पण जाळीत उडालेल्या चेंडूला आकाश मिळत नाही.

नदीकाठचं मैदान वाचलं ते नदीमुळे. 2005 च्या जुलैत उल्हासने बदलापुरात घरं बुडवली. 2019 च्या 27 जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, आणि आबांची खाचरं त्या रेषेच्या आत आहेत. बिल्डर येऊन पाहून जातात, पण अजून तरी परतच जातात. पुराने या गावाचं फार नुकसान केलं आणि त्याच पुराच्या धाकाने ही मोकळी जागा राखली, या दोन्ही गोष्टी इथल्या माणसांना एकाच वेळी माहीत आहेत. ती रेषा नकाशावर मागे सरकवण्याचा विचार कुणी करत असेल, तर त्याने जानेवारीतल्या एखाद्या रविवारी इथे येऊन दोरीपाशी बसावं. मी त्याला माझ्या शेजारी जागा देईन.

मे संपता संपता जांभळं पिकतात. भौगोलिक मानांकन मिळालेली ही बदलापूरची जांभळं टोपल्यांतून मंडपाशी येतात तेव्हा स्पर्धेचा शेवटचा आठवडा असतो. फायनल झाली की चषक गावातून फिरतो आणि दोन दिवसांनी तीच पोरं फावडी घेऊन बांध पुन्हा घालायला येतात, कारण पाऊस थांबत नाही आणि पेरणीही. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा अर्धा बांध घालून झाला होता. लाल मातीची पट्टी नांगराची वाट पाहत पडली होती. आबा काठीने जमिनीवर काहीतरी आखत होते. मी विचारलं, ‘‘आबा, हे काय?’’

‘‘पुढचे वर्षी आजून एक खाचर घेव,’’ ते म्हणाले. ‘‘लेगची बाउंड्री लय जवल परते.’’